ह्यू एडवर्ड्स प्रकरण: आजार एकीकडे, आरोप दुसरीकडे

12 जुलै 2023, बुधवारची संध्याकाळ. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी जाहीर केलं की बीबीसीच्या एका निवेदकाने पैसे देऊन एका तरुण व्यक्तीकडून अश्लील छायाचित्रं घेतल्याच्या आरोपांची तपासणी करून पाहिली आणि फौजदारी गुन्हा घडल्याचा पुरावा मिळाला नाही. साउथ वेल्स पोलिसांचंही म्हणणं तेच होतं. त्यानंतर थोड्याच वेळात व्हिकी फ्लिंड यांचं निवेदन आलं. पाच दिवस ज्याचं नाव कोणी उघडपणे घेत नव्हतं तो निवेदक म्हणजे आपले पती ह्यू एडवर्ड्स, त्यांच्यावर गेली काही वर्षं तीव्र नैराश्यासाठी उपचार चालू आहेत, या पाच दिवसांत त्यांची प्रकृती पुन्हा गंभीर झाली असून त्यांना रुग्णालयात दाखल केलं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांची काळजी आणि मुलांचं रक्षण, म्हणून आपण बोलत आहोत, असंही त्यांनी लिहिलं होतं.

या दोन निवेदनांनी चर्चेचा नूर तासाभरात पालटला. सकाळपर्यंत ‘कोण आहे तो, नाव सांगा’ म्हणणारे लोक रात्री ‘एका आजारी माणसाची काय दशा केली’ म्हणू लागले. वर्षभराने, 2024 च्या जुलै अखेरीस, एडवर्ड्स यांनी मुलांच्या अश्लील छायाचित्रांचा वेगळाच गुन्हा कबूल केला आणि चर्चा पुन्हा पूर्ण उलटली. या दोन्ही वेळी लोकांची गफलत एकाच जागी झाली असं मला वाटतं. माणूस आजारी आहे का, हा एक प्रश्न. तो कामाच्या ठिकाणी आणि बाहेर कसा वागला, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी शोधायची असतात. इथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यावर चिकटवलं गेलं.

एडवर्ड्स 1984 मध्ये बीबीसीत प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. 2003 पासून रात्री दहाच्या मुख्य बातमीपत्राचे ते प्रमुख निवेदक होते. वेल्समधल्या लांगेनेक गावात वाढलेले, वडील वेल्श भाषा-साहित्याचे नामवंत अभ्यासक. 8 सप्टेंबर 2022 च्या संध्याकाळी राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी काळा टाय लावून देशाला सांगणारे तेच. राणीची अंत्ययात्रा, मग मे 2023 मधला राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक, दोन्ही प्रक्षेपणांची धुरा त्यांच्याकडे होती. त्या आर्थिक वर्षात त्यांचं मानधन 4 लाख 35 हजार पाउंडांच्या वर होतं. हे पैसे परवाना शुल्कातून येतात. थेट टीव्ही पाहणारं जवळजवळ प्रत्येक घर ते भरतं, त्यात ब्रिटनमधली मराठी घरंही आली. म्हणून तिथे ‘बीबीसीने काय केलं’ हा प्रश्न ‘आमच्या पैशाचं काय केलं’ असाही विचारला जातो.

मे महिन्यातली तक्रार

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग बातमी फुटण्याच्या सात आठवडे आधीचा आहे. एका तरुण व्यक्तीच्या घरच्यांनी आधी, एप्रिलमध्ये, साउथ वेल्स पोलिसांकडे चिंता व्यक्त केली होती. त्यात गुन्हा दिसत नाही, असं पोलिसांचं मत पडलं. 18 मे रोजी घरातली एक व्यक्ती बीबीसीच्या एका इमारतीत जाऊन तक्रार करून आली. दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाला फोन केला. बीबीसीच्याच नोंदीप्रमाणे ते बोलणं 29 मिनिटं चाललं.

तक्रार अंतर्गत चौकशी पथकाकडे गेली. पथकाने ठरवलं की यात गुन्ह्याचा आरोप नाही, पण अधिक माहिती घ्यायला हवी. त्याच दिवशी एक ईमेल पाठवला, त्याला उत्तर आलं नाही. 6 जूनला एक फोन लावला, तो लागला नाही. त्यानंतर महिनाभर काहीच झालं नाही. फाइल बंद केली नव्हती, पण ती कोणी उघडूनही पाहिली नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्या एडवर्ड्स यांना एका शब्दाने विचारलं गेलं नाही. 6 जुलैला ‘द सन’ या वृत्तपत्राने बीबीसीकडे प्रतिक्रिया मागितली, तेव्हा पहिल्यांदा एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांच्याशी बोलणं केलं.

तक्रार खरी की खोटी, हे ठरवायचं काम फोन घेणाऱ्याचं नसतं. पण देशातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्याविरुद्ध कोणाचं घर अर्धा तास बोलतं, तेव्हा एक ईमेल आणि एक न लागलेला फोन एवढ्यावर थांबायचं? चौकशी वेळेवर झाली असती तर आरोप खोटे असल्यास एडवर्ड्स यांचंच भलं झालं असतं. नाव चव्हाट्यावर यायच्या आधी, बंद खोलीत, डॉक्टरांना विश्वासात घेऊन त्यांच्याशी बोलता आलं असतं. आजारी माणसाला जपायचं तर ते त्या टप्प्यावर शक्य होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये बाहेरच्या सल्लागारांचा अहवाल आल्यावर बीबीसीने त्या कुटुंबाची माफी मागितली, तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीत सुसूत्रता नव्हती हे मान्य केलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पाच दिवस

7 जुलैच्या रात्री ‘सन’ची बातमी आली. निवेदकाचं नाव नाही. एका तरुण व्यक्तीला अश्लील छायाचित्रांसाठी त्याने 35 हजार पाउंडांहून अधिक रक्कम दिली, आणि हे सुरू झालं तेव्हा ती व्यक्ती 17 वर्षांची होती, असं तिच्या आईचं म्हणणं. वयाचा तो आकडा साधा नव्हता. ब्रिटनमध्ये संमतीचं वय 16 आहे, पण अशी छायाचित्रं घेणं, बाळगणं, पाठवणं यासाठी 18 वर्षांखालची व्यक्ती कायद्याने बालक धरली जाते. नंतर ‘सन’ने म्हटलं की आम्ही गुन्ह्याचा आरोप कधी केलाच नव्हता. पण 17 हा आकडा पहिल्याच बातमीत दिल्यावर वाचकाच्या मनात गुन्ह्याशिवाय दुसरं काय येणार होतं?

सोमवारी, 10 जुलैला, त्या तरुण व्यक्तीच्या वकिलाचं पत्र आलं. आपल्यात आणि निवेदकात गैर किंवा बेकायदा काही घडलं नाही, आईचं म्हणणं निराधार आहे, आणि बातमी छापण्याआधीच आपण ‘सन’ला हे कळवलं होतं, असं त्यात होतं. म्हणजे ज्या व्यक्तीचं शोषण झालं असं सांगितलं जात होतं, ती आता सज्ञान होती आणि स्वतः नाही म्हणत होती. तो नकार पहिल्या बातमीत नव्हता. आईची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण दुसरी बाजू हातात असताना ती वाचकापासून दूर ठेवणं ही पत्रकारितेतली मूलभूत चूक आहे, आणि इतक्या गंभीर आरोपात ती अक्षम्य आहे.

नाव नसल्याने नावं वाटली गेली. समाजमाध्यमांवर लोकांनी बीबीसीच्याच इतर निवेदकांकडे, रायलन क्लार्क, गॅरी लिनेकर, जेरेमी व्हाइन, निकी कॅम्पबेल यांच्याकडे बोट दाखवलं. काहीही संबंध नसलेल्या या माणसांना ‘तो मी नव्हे’ असं जाहीरपणे सांगावं लागलं. व्हाइन यांनी तर त्या सहकाऱ्याने आता पुढे यावं अशी विनंती केली. यावर लगेच प्रश्न येतो, मग वृत्तपत्राने नावच का दिलं नाही? ब्रिटनमध्ये 2018 मध्ये गायक क्लिफ रिचर्ड यांनी बीबीसीविरुद्ध खटला जिंकला होता. त्यांच्या घराच्या पोलीस झडतीचं हेलिकॉप्टरमधून केलेलं प्रक्षेपण न्यायालयाने खासगीपणाचा भंग ठरवलं. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सांगितलं की आरोप ठेवला जाईपर्यंत तपासाखालच्या माणसाला खासगीपणाची वाजवी अपेक्षा असते. नाव देणं धोक्याचं होतं, बातमी सोडवत नव्हती. मग ओळखीच्या सगळ्या खुणा ठेवून फक्त नाव गाळण्याचा मार्ग निघाला, आणि त्याची झळ निरपराध सहकाऱ्यांना बसली.

बीबीसी स्वतःच्याच बातमीचं वार्तांकन करत होती. 11 जुलैला संस्थेचा वार्षिक अहवाल यायचा होता. महासंचालक टिम डेव्ही यांना अहवालापेक्षा याच प्रकरणाचे प्रश्न जास्त आले. त्याच दिवशी बीबीसी न्यूजनेच आणखी एका तरुण व्यक्तीची हकीकत दिली. डेटिंग ॲपवर ओळख झाल्यानंतर या निवेदकाने आपल्याला शिवीगाळीचे, धमकावणारे संदेश पाठवले, असं तिचं म्हणणं होतं.

बुधवारची रात्र

मग आली दोन निवेदनांची ती संध्याकाळ. पोलिसांचं म्हणणं होतं, उपलब्ध माहितीवरून फौजदारी गुन्ह्याचा पुरावा नाही. लोकांनी ऐकलं, माणूस निर्दोष आहे. बीबीसीचे माजी ज्येष्ठ पत्रकार जॉन सोपेल यांनी लिहिलं की यात बेकायदा काही नव्हतं, होतं ते गुंतागुंतीचं खासगी आयुष्य, आणि ते आता खासगी उरलेलं नाही. अनेकांच्या मनातलं ते बोलले. टॅब्लॉइड वृत्तपत्रांवर राग आधीपासून होताच. 2020 मध्ये निवेदिका कॅरोलिन फ्लॅक यांनी आयुष्य संपवलं, तेव्हापासून प्रसिद्ध माणसांच्या मागे लागणाऱ्या बातम्यांकडे ब्रिटिश लोक वेगळ्या नजरेने बघू लागले होते. ती भीती खरी होती, आणि एडवर्ड्स यांच्याबद्दल तसं वाटणंही बरोबरच होतं.

त्याच रात्री बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या कार्यक्रमाने वेगळी बातमी दिली. बीबीसीतल्याच आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सांगितलं होतं की एडवर्ड्स यांच्याकडून आपल्याला अस्वस्थ करणारे संदेश आले. त्यात दिसण्यावरची टिप्पणी होती, काही संदेश रात्री उशिराचे होते. इतक्या मोठ्या माणसाची तक्रार केली तर आपल्या नोकरीचं काय होईल, अशी कनिष्ठ लोकांना धास्ती वाटते, हेही त्या बातमीत होतं.

यावर मोठा गदारोळ झाला. माणूस रुग्णालयात आहे, आणि त्याचीच संस्था त्याच रात्री त्याच्यावर नवे आरोप दाखवते? हा आक्षेप मला पटतो, पण अर्धाच. तीव्र नैराश्याने रुग्णालयात गेलेल्या माणसाच्या पहिल्या रात्री ही बातमी लावण्याची निकड नव्हती. काही दिवसांनी लावली असती तर तक्रारदारांचं म्हणणं शिळं झालं नसतं. मी ती त्या रात्री लावली नसती. पण गाडलीही नसती. याच कार्यक्रमाने डिसेंबर 2011 मध्ये बीबीसीचे दिवंगत निवेदक जिमी सॅव्हिल यांनी केलेल्या लैंगिक शोषणावरची शोधबातमी मागे घेतली होती आणि पुढच्या वर्षी आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीने तीच गोष्ट जगापुढे आणली. त्या संपादकीय खोलीत बसलेल्या लोकांना ‘थांबूया’ या शब्दाची किंमत माहीत होती.

आक्षेप घेणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं ‘आज नको’ एवढंच नव्हतं. त्यांना ही बातमीच नको होती. पोलिसांनी गुन्हा नाही म्हटलं, माणूस आजारी आहे, आता विषय संपवा. इथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. ज्युनिअर सहकाऱ्याला रात्री अकरा वाजता कौतुकाचा मेसेज टाकणं हा बहुतेक वेळा गुन्हा नसतो. पोलीस त्यात पडणारच नाहीत. म्हणून तर संस्थेने त्यात पडायचं असतं. शिफ्टचं रोस्टर, पुढची नेमणूक, कंत्राट वाढणार की नाही, हे ज्यांच्या शब्दावर हलू शकतं असा माणूस मेसेज करतो, तेव्हा समोरच्याला उत्तर न देण्याची मुभा खरोखर किती असते? न्यूजरूममध्ये काम केलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आजाराने काय बदलायला हवं, याचं उत्तर अवघड नाही. कधी विचारायचं, कोणी विचारायचं, सोबत कोण असावं, लेखी उत्तर चालेल का, मध्ये किती विश्रांती द्यायची, हे सगळं आजारानुसार बदलतं आणि बदललंच पाहिजे. ब्रिटनमधला 2010 चा समानता कायदा दीर्घ नैराश्याला अपंगत्वाचं संरक्षण देऊ शकतो. मालकाने वाजवी सवलती द्याव्यात, अशी त्याची मागणी आहे. विचारायचंच नाही, ही त्यातली सवलत नाही.

बीबीसीची अंतर्गत चौकशी पोलिसांच्या विनंतीवरून थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली. तिचे निष्कर्ष लोकांपुढे कधी आले नाहीत.

नोव्हेंबर ते सप्टेंबर

8 नोव्हेंबर 2023 रोजी एडवर्ड्स यांना अटक झाली, आणि ती जुलैच्या बातमीमुळे झाली नव्हती. दुसऱ्याच एका माणसाच्या तपासात पोलिसांनी जप्त केलेल्या फोनवर एडवर्ड्स यांच्याशी झालेलं व्हॉट्सॲप संभाषण सापडलं होतं. त्या माणसाने त्यांना 377 लैंगिक छायाचित्रं पाठवली होती, त्यांतली 41 मुलांची होती. सात सर्वांत गंभीर वर्गातली. एका मुलाचं वय सात ते नऊच्या दरम्यान असावं असं न्यायालयात सांगितलं गेलं.

अटक झाल्याचं पोलिसांनी बीबीसीला गोपनीयतेच्या अटीवर कळवलं. पगार चालू राहिला. 22 एप्रिल 2024 रोजी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून एडवर्ड्स यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये आरोप ठेवले गेले, ते जाहीर झाले 29 जुलैला. 31 जुलैला वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात त्यांनी तिन्ही आरोप कबूल केले. लांगेनेकमध्ये त्यांचं भिंतीवर रंगवलेलं चित्र होतं. ते रंगवणाऱ्या कलाकाराने त्याच दिवशी त्यावर रंग फासला. 16 सप्टेंबरला सहा महिन्यांची कैद झाली, दोन वर्षांसाठी स्थगित. सात वर्षं लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव, आणि सक्तीचा उपचार कार्यक्रम. अटकेनंतर दिलेला सुमारे दोन लाख पाउंड पगार बीबीसीने परत मागितला.

शिक्षा ठरवताना मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ अहवाल न्यायाधीशांपुढे होते आणि त्यांची दखल घेतली गेली. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात आजाराची चर्चा योग्य जागी झाली ती तिथेच. कृत्य सिद्ध झालं होतं, आजाराची कागदपत्रं हातात होती, आणि दोन्हींना स्वतंत्र वजन देणारा माणूस समोर बसला होता.

त्या आठवड्यात दोन निष्कर्ष फार झटकन काढले गेले, आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, ‘सन’ची बातमी खरी ठरली. नाही ठरली. ज्या छायाचित्रांसाठी शिक्षा झाली ती वेगळी, ती पाठवणारा वेगळा, काळ डिसेंबर 2020 ते ऑगस्ट 2021 चा. जुलै 2023 मधल्या त्या बातमीवरून कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. एक माणूस दोषी ठरला म्हणून त्याच्याबद्दल छापलेलं प्रत्येक वाक्य मागाहून शाबीत होत नाही.

दुसऱ्या निष्कर्षाने मला जास्त त्रास दिला. ‘म्हणजे ते डिप्रेशन वगैरे नाटक होतं.’ एडवर्ड्स यांनी आपल्या नैराश्याबद्दल 2021 मध्ये एका वेल्श कार्यक्रमात उघडपणे सांगितलं होतं, तेव्हा त्यांच्यावर कोणताच आरोप नव्हता. 2002 पासून हे दुखणं येतं-जातं, असं ते म्हणाले होते. त्याच वर्षी त्यांच्या फोनवर ती छायाचित्रं येत होती. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात, एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या होत्या. नैराश्याने त्यांना हे करायला लावलं असं म्हणणं म्हणजे नैराश्याशी झगडणाऱ्या प्रत्येकावर चिखल उडवणं आहे. त्यांनी गुन्हा केला म्हणून आजार खोटा होता असं म्हणणं म्हणजे उद्या कोणी ऑफिसात ‘मला बरं वाटत नाही, मी गोळ्या घेतोय’ म्हणेल तेव्हा त्याच्याकडे संशयाने बघायला शिकवणं आहे.

2023 मध्ये त्यांची बाजू घेणाऱ्यांना वर्षभराने खूप ऐकून घ्यावं लागलं. रुग्णालयातल्या माणसाबद्दल कळवळा दाखवणं ही चूक नव्हती, त्याबद्दल कोणी ओशाळण्याचं कारण नाही. त्या कळवळ्यात कनिष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं वाहून गेलं, ते मात्र चुकलं.

आपल्याकडे असं झालं तर

आपल्याकडचे कायदे या दोन प्रश्नांना खरं तर बरेच वेगळे ठेवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 24 सांगतं की मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समितीला 90 दिवसांत चौकशी पुरी करायला सांगितलं आहे, आणि कलम 16 ने तक्रारदार आणि आरोपी दोघांचीही ओळख जाहीर करायला मनाई केली आहे. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या वार्तांकनावर निकाल देताना, तपास चालू असताना वाहिन्यांनी खटला चालवू नये, मृताला दुबळ्या चारित्र्याचा माणूस म्हणून दाखवू नये, अशा मर्यादा घालून दिल्या. त्या किती पाळल्या जातात, हे रात्री नऊला टीव्ही लावणाऱ्याला ठाऊक आहे.

एक उणीव मात्र या प्रकरणाने ठळक होते. 2013 चा कायदा फक्त पीडित महिलेला तक्रारीचा हक्क देतो. एडवर्ड्स यांच्यासारख्या ज्येष्ठ निवेदकाचे रात्रीचे मेसेज एखाद्या तरुण मुलाला आले, तर मुंबईतल्या एखाद्या वाहिनीत तो जाणार कुठे? संस्थेची स्वतःची नियमावली असेल तर एचआरकडे. नसेल तर बहुधा नोकरी सोडून दुसरीकडे.

बीबीसीने या प्रकरणानंतर आपल्या कार्यसंस्कृतीचा बाहेरच्या संस्थेकडून आढावा करून घेतला. तो एप्रिल 2025 मध्ये आला. संस्था विषारी नाही, पण थोडी माणसं अशी आहेत की ज्यांच्या वागण्याला कोणी हात लावत नाही, असा त्याचा आशय होता. अध्यक्ष समीर शाह यांनीही पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्या अशा बड्या माणसांचा उल्लेख केला. आचारसंहिता कडक करू, तक्रार करणाऱ्याला संस्थेकडून काय अपेक्षा ठेवता येईल याची स्पष्ट हमी देऊ, अशी आश्वासनं दिली गेली. 18 मे 2023 ला इमारतीत आलेल्या त्या घरच्या माणसाला यातलं शेवटचं आश्वासन तेव्हा लागू असतं, तर 6 जूनला न लागलेला फोन 7 जूनला पुन्हा लावावा लागला असता.